उजव्या पायाची साथ

माझे भावोजी घोडे पळवतात असं सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकतो. तसं काही नाही. आमच्याकडे घोड्यांचा दवाखाना आहे आणि तिथे लंगडणारे घोडे येतात. घोडा उभा असताना त्याचा कुठला पाय दुखतोय ते कळत नाही, आणि तो काही तोंडाने सांगत नाही. म्हणून त्याला दुडक्या चालीने सरळ रेषेत पळवून बघावं लागतं. कोणीतरी दोर धरून त्याच्या डाव्या अंगाने पळतं, आवाराच्या टोकाला वळतं आणि परत येतं. हे 'कोणीतरी' म्हणजे गेली तेवीस वर्षं माझे भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दवाखान्यात त्यांना सगळे 'पळपुटे' म्हणतात, अगदी आडनाव असल्यासारखं. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर ते स्वतःच वळून बघणार नाहीत.

पळायचं त्यात काय मोठंसं, असं मला आधी वाटायचं. पण नुसतं पळणं वेगळं आणि घोड्याबरोबर पळणं वेगळं. दोर ओढला तर घोड्याची मान अडकते, फार सैल सोडला तर घोडा गवताकडे निघतो. भावोजींची खुबी अशी की ते घोड्याच्या पावलात पाऊल टाकून पळत. घोड्याचा उजवा पुढचा पाय टेकला की यांचा उजवा, डावा टेकला की डावा. घोडा बुटका असो की उंच, तिसऱ्या पावलाला यांचा मेळ बसलेला असायचा. "तो आपल्याला विसरला पाहिजे," भावोजी म्हणत, "शेजारी कोणी पळतंय हेच त्याला कळता कामा नये. मग तो खरं काय ते सांगतो." ही त्यांची एकमेव बढाई होती आणि ती ते दिवसातून चारदा मारत.

मी त्याच दवाखान्यात आवाराच्या कडेला टेबल मांडून स्क्रीनसमोर बसते. नोकरी भावोजींनीच लावून दिली. ते उन्हातान्हात पळणार आणि मी खुर्चीत बसून आकडे बघणार. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचंच काम. आमच्याकडे घोड्याची चाल मोजायचं यंत्र आहे. काड्यापेटीएवढे तीन सेन्सर असतात. एक घोड्याच्या कानांच्या मधे, एक कमरेवर आणि एक उजव्या पुढच्या पायाला, खुराच्या जरा वर. दुखरा पाय टेकताना घोडा त्यावर भार नको म्हणून मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की खाली सोडतो. फरक जास्त असला तर कोणालाही दिसतो. पण पाच-दहा मिलिमीटरचा असला तर डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. सहाच्या आत असेल तर घोडा ठीक. वर गेला तर पाय कुठला ते पडद्यावर लाल रेघेत येतं.

हे यंत्र आमच्या डॉक्टरबाईंनी आणलं, ते स्वतःचं हसं झाल्यावर. लंगडणाऱ्या घोड्याच्या पायाचा एकेक भाग इंजेक्शनने बधिर करत जातात. ज्या भागानंतर लंगडणं थांबतं तिथे दुखणं. एकदा बाईंनी खुराजवळ इंजेक्शन द्यायला सांगितलं, घोडा पळवून बघितला आणि म्हणाल्या, "वा, निम्मं कमी झालं!" मदतनीस बाई हळूच म्हणाल्या, "बाई, इंजेक्शन अजून माझ्या हातातच आहे." दुसरी कोणी असती तर त्या मदतनीस बाईंची बदली झाली असती. आमच्या डॉक्टरबाईंनी तीन दिवस कोणाशी न बोलता विचार केला आणि जाहीर केलं, "माझे डोळे माझंच ऐकतात. मला माझं न ऐकणारं काहीतरी हवंय." त्यानंतर महिन्याभरात यंत्र आलं.

यंत्र बाईंचं ऐकत नसे हे खरं, पण माझं ऐकायचं. पहिल्याच आठवड्यात मी उजव्या पायाचा सेन्सर डाव्या पायाला बांधला. यंत्राला काय, त्याला सांगितलं हा उजवा, त्याने मानलं. दुपारपर्यंत सगळे घोडे उलट्या पायाने लंगडत होते. भावोजींनी तिसऱ्या घोड्याला ते ओळखलं, पट्टा सोडून दुसऱ्या पायाला बांधला, तिन्ही घोडे पुन्हा पळवले आणि बाईंना म्हणाले, "बॅटरी उतरली होती." एकाही घोड्याला चुकीच्या पायात सुई गेली नाही. तेव्हापासून मी भावोजींच्या ऋणात होते, आणि ते मला हे विसरू देत नसत. भांडण झालं की नुसतं म्हणायचे, "बॅटरी बरी आहे ना?"

त्यामुळे त्यांचं गुपित मला कळलं तेव्हा मीही गप्प बसले. फिट्टंफाट.

गुपित त्यांच्या उजव्या गुडघ्याचं होतं. तेवीस वर्षांत त्यांना किती घोड्यांनी लाथा मारल्या असतील, पण त्यांना काही झालं नाही. त्यांना पाडलं स्वयंपाकघरातल्या स्टुलाने. खिडकीच्या पडद्याची दांडी सरळ आहे की तिरकी यावर ताईशी वाद झाला, आपलंच खरं करायला ते स्टुलावर चढले आणि दांडीसकट खाली आले. दांडी तिरकीच होती. ताईसमोर कबूल कसं करणार? "काही लागलं नाही," म्हणत ते उठले आणि पुढे अडीच महिने तेच म्हणत राहिले. ताई-भावोजी पहिल्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी ते जिना उतरताना एका पायरीवर आवाज मोठा, पुढच्या पायरीवर लहान, असं ऐकू यायचं. पँटच्या आत पट्टी बांधायची, वर घोड्यांचं मलम चोळायचं. घोड्याच्या दवाखान्यातून आलेल्या माणसाला घोड्याच्या मलमाचा वास येतो, यात ताईला संशय यायचं कारण नव्हतं.

लपवायचं कारण होतं. दवाखान्याचा नियम असा की ज्याचा पाय धड नाही त्याने घोडा पळवायचा नाही. बरोबरच आहे, पळत्या घोड्यापुढे माणूस अडखळून पडला तर काय होईल ते सांगायला नको. भावोजींच्या आधी जे पळवत त्यांची कंबर गेली तेव्हा त्यांना गवताच्या कोठारात बसवलं. तिथे भारे मोजत मोजत ते इतके चिडके झाले की घोडेही त्यांच्या हातचं खाईनात. भावोजींना त्या कोठाराची भीती वाटे. मला एकदा त्यांनी सरळ सांगितलं, "माझं सगळं आयुष्य कोणी ना कोणी मला काहीतरी सांगत असतं. तुझी ताई सांगते, बाई सांगतात. त्या पस्तीस पावलांत मला कोणी काही सांगत नाही. मला पळायचंय गं." पन्नाशीचा माणूस हे असं बोलतो तेव्हा मेहुणीने काय करावं? मी म्हटलं, "पळा. मी कोणाला सांगत नाही."

पळताना त्यांचं लंगडणं दिसायचं नाही. दिसलं असतं तरी बघणार कोण? दवाखान्यात सगळ्यांची नजर घोड्यावर.

मग आली साथ. येणारा जवळजवळ प्रत्येक घोडा उजव्या पुढच्या पायाने थोडा थोडा लंगडू लागला. फार नाही, आठ-नऊ मिलिमीटर. मालक मागचा डावा पाय दाखवायला यायचा आणि आमच्याकडून उजव्या पुढच्या पायाचं दुखणं घेऊन जायचा. डॉक्टरबाई खुराजवळ बधिर करायच्या, फरक नाही. घोट्याशी करायच्या, नाही. गुडघ्याशी करायच्या, नाही. बधिर करत करत घोड्याच्या खांद्यापर्यंत पोचलो तरी लंगडणं काही जाईना. "म्हणजे खांद्यातच असणार," बाई कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या आणि दोन-दोन महिने विश्रांती लिहून द्यायच्या. आसपासच्या सगळ्या तबेल्यांत धडधाकट घोडे रिकामे उभे राहून भिंती चाटू लागले.

दोन महिन्यांच्या नोंदी बाईंनी एकत्र मांडल्या. एक्केचाळीस घोडे, त्यातले तेहतीस उजवे.

"हे शक्य नाही," बाई म्हणाल्या. उलगडा होईपर्यंत नव्या घोड्यांना विश्रांती लिहून देणं त्यांनी थांबवलं. आधी संशय यंत्रावर आला. कंपनीचा माणूस आला, त्याने तिन्ही सेन्सर पाळण्यासारख्या एका चौकटीत हलवले आणि यंत्र ठीक असल्याचं लिहून दिलं. मग संशय आवारावर गेला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी पुष्कळदा ऐकलं होतं, पण अंगण खरोखर वाकडं आहे का ते मोजायला गवंडी आलेला तेव्हाच पाहिला. तो दोरी लावून, पाण्याची नळी धरून दिवसभर आवारात रांगला. अंगण सरळ निघालं. तिसरा संशय नालबंदावर. त्याला बोलावून बाईंनी गोड शब्दांत विचारलं, उजव्या पायाचे नाल जरा जाड बसतात का? नालबंद हातोडी घेऊन उभा राहिला. "माझ्या वडिलांनी नाल मारले, त्यांच्या वडिलांनी मारले. उजवा-डावा आम्हाला शिकवू नका!" त्याला शांत करायला भावोजीच गेले, खांद्यावर हात टाकून. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं चाललं होतं, आणि पखाल चांगलीच संतापली होती.

मला कळलं ते एका बुधवारी. भावोजी दात काढायला गेले होते. त्या दिवशी घोडे पळवले नालबंदाने, शिव्या देत, अगदी बेताल. घोडा एका ठेक्यात आणि तो दुसऱ्या. पाच घोड्यांतला उजवा फक्त एक. गुरुवारी भावोजी सुजलेला गाल घेऊन परत आले आणि चारपैकी चार घोडे उजवे. मी पडद्यावरची वर-खाली जाणारी रेघ बघत बसले. तो ठेका मी कुठेतरी ऐकला होता. एक मोठा, एक लहान. माझ्या जिन्यात!

संध्याकाळी मी भावोजींना जिन्याखाली गाठलं.

"भावोजी, घोडे लंगडत नाहीत. तुम्ही लंगडताय."

"मी? आणि घोड्याच्या मानेत दिसतं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुमचा उजवा पाय टेकला की दुखतो, तुम्ही जरा वर उचलले जाता. हात वर, दोर वर, घोड्याची मान वर. आणि तुम्ही त्याच्या पावलात पाऊल टाकता, म्हणून दर वेळी त्याच्या उजव्याच पायाला. नालबंदासारखे बेताल पळाला असतात तर कधी कळलंच नसतं."

मला वाटलं, बिचाऱ्याचा चेहरा पडेल. छे! त्यांचा सुजलेला गालसुद्धा खुलला. "म्हणजे," ते म्हणाले, "तेहतीस घोडे माझ्या पावलावर पाऊल टाकून लंगडले?"

"ही शाबासकी नाहीये!"

"नाही कशी? दुसऱ्या कोणाला जमेल?"

आता खरं तर त्याच क्षणी मी बाईंकडे जायला हवं होतं. पण भावोजींच्या डोक्यात तोवर उपाय तयार होता, आणि मला लाज वाटते सांगायला, तो मला आवडला. ते म्हणाले, "जाताना त्याच्या उजव्याला माझा उजवा. येताना त्याच्या उजव्याला माझा डावा. जाताना घोडा उजवा लंगडेल, येताना डावा. तुझं यंत्र दोन्हीची सरासरी काढतं ना? बेरीज शून्य." शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने कंपनीच्या इंजिनियरांना कोपऱ्यात उभं केलं होतं. आम्ही जिन्याखाली तोंड दाबून हसलो. वरून ताईने विचारलं, "काय चाललंय?" आम्ही एकदम म्हणालो, "बॅटरी!"

आणि उपाय लागू पडला. वळणावर ते असं काही हलकं पाऊल बदलत की बघत राहावं. साथ ओसरली. डॉक्टरबाई खूश, कंपनी खूश. नालबंदाला वाटलं आपण ओरडलो म्हणून सगळे सुतासारखे सरळ झाले. दोन आठवडे आम्ही दोघं चोर एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होतो.

यात आम्ही एक गोष्ट विसरलो. पुढचे घोडे आम्ही सुधारले, पण मागचे तेहतीस तसेच होते. ते आपापल्या तबेल्यात उजवा पाय दुखतो असा कागद घेऊन उभे होते. मला सुचलं नाही, त्यांना सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचू दिलं नाही.

त्या तेहतिसांतली एक घोडी विश्रांती संपवून परत आली. घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरांची ही तांबूस घोडी, नाकावर पांढरा ठिपका. चालीत एवढा तोरा की आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. मास्तर वाईट माणूस नव्हे, पण त्यांच्याकडे जागा सहा घोड्यांची आणि शिकणारी पोरं चाळीस. त्यांनी टोपी काढून सरळ सांगितलं, "डॉक्टरबाई, ही आजही उजवी निघाली तर मी ठेवू शकत नाही. व्यापारी बाहेर गाडी घेऊन थांबलाय." व्यापारी लंगड्या घोड्यांचं काय करतो ते त्या आवारात सगळ्यांना ठाऊक होतं. विचारत कोणी नसे.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत त्या दिवशी मिश्कीलपणा नव्हता.

पहिली फेरी त्यांनी नेहमीसारखी काढली, जाताना एक पाऊल, येताना दुसरं. सरासरी शून्याजवळ आली. मी श्वास सोडला. पण डॉक्टरबाई या वेळी माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. घोडीच्या जिवाचा प्रश्न, त्यांना प्रत्येक पावलाची रेघ बघायची होती. "हे काय? अर्धी पावलं उजवी, अर्धी डावी. अशा सरासरीवर मी सही करणार नाही. पळपुटे, पुन्हा!"

पुन्हा तेच. "पुन्हा!" तिसरी, चौथी, पाचवी. घोडी मजेत होती, तिला आणखी दहा फेऱ्या चालल्या असत्या. भावोजींच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. वळणावरचं ते हलकं पाऊल जड होत चाललेलं मला दिसत होतं, आणि मी आकड्यांकडे बघत असल्याचं नाटक करत होते. सातव्या फेरीला गुडघ्याने साथ सोडली. पाऊल बदललंच नाही. जाताना उजवा, येतानाही उजवा. पडद्यावर एकसारखी, सुबक, लाल रेघ उमटली. सतरा मिलिमीटर.

"आता स्पष्ट झालं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "उजवा. मला वाईट वाटतं, मास्तर." मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली आणि घोडीचा दोर घ्यायला हात पुढे केला.

भावोजींनी दोर दिला नाही.

"बाई," ते म्हणाले, "तो पाय घोडीचा नाही. माझा आहे."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तेवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच घोडा सोडून त्यांच्याकडे. त्यांनी वाकून पँटचा पाय वर केला. पट्टीखाली गुडघा नारळाएवढा सुजला होता. मग त्यांनी सगळं सांगितलं, स्टूल, मलम, जाताना-येताना. माझं नाव तेवढं वगळलं. ते मला सहन होईना, म्हणून मी उभी राहून म्हटलं, "मलाही माहीत होतं. दोन आठवडे."

डॉक्टरबाई रागावतील असं वाटलं होतं. पण त्या खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसल्या. "घोडी वाचावी म्हणून कोणीही असं सांगेल," त्या भिंतीला म्हणाल्या, "आणि ती वाचावी असं मलाही वाटतंय, म्हणून मी बघणार नाही. तीन जणांनी पळवा. कोणी कधी पळवलं ते मला सांगू नका. नुसते तीन कागद आणून द्या."

मास्तरांनी पळवली, पोट सावरत. मी पळवली, म्हणजे तिने मला पळवलं. आणि मधली फेरी भावोजींनी काढली, त्यांच्या आयुष्यातली शेवटची, दात आवळून. बाईंनी तिन्ही कागद मांडीवर मांडले. दोन कागदांवर पावलं इकडेतिकडे विखुरली होती, पण कल कुठल्याच पायाकडे नव्हता. उरलेल्या एकावर तीच सुबक लाल रेघ. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हे पळपुटे."

मास्तरांनी व्यापाऱ्याला हातानेच जा म्हणून खूण केली. बाईसाहेब तोऱ्यात आपल्या गाडीत चढल्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची वळवली आणि भावोजींना म्हणाल्या, "दोर इथे ठेवा." त्यांनी तो घडी करून टेबलावर ठेवला, माझ्या स्क्रीनशेजारी. नंतर आम्हा दोघांना जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. आम्ही त्याच लायकीचे होतो. घरी ताईने ऐकवलं ते त्याहून जास्त होतं, आणि त्यातला बराचसा भाग पडद्याच्या दांडीबद्दल होता.

दुसऱ्या दिवशी बाई उरलेल्या बत्तीस मालकांना फोन करायला बसल्या, तेव्हा भावोजी खुरडत त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "पाय माझा, फोन मी करणार." बाईंनी यादी त्यांच्यापुढे सरकवली. मी शेजारी बसून नंबर लावून देत होते.

सुरुवातीला अवघडलेले होते, पण पाचव्या-सहाव्या फोनपासून त्यांना सूर सापडला. "नमस्कार, दवाखान्यातून पळपुटे बोलतोय. तुमच्या घोड्याचा उजवा पाय उत्तम आहे. लंगडा मी आहे." मग कोणी हसायचं, कोणी शिव्या द्यायचं. एकाने विचारलं, मग दोन महिने घोडा बांधून ठेवला त्याचं काय? भावोजी म्हणाले, "त्याची माफी मागा माझ्या वतीने, मी आलो तर लाथ मारेल." एक बाई रडल्याच, आनंदाने. विसाव्या फोनला एक म्हातारा म्हणाला, "अहो, तो करडा तर गेला. तीन आठवडे झाले विकून." कोणाला, असं भावोजींनी विचारलं. त्याच व्यापाऱ्याला. भावोजींनी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "करडा? माझ्याकडे करडे पुष्कळ येतात. नाव-गाव मी ठेवत नाही." भावोजींनी फोन ठेवला आणि बराच वेळ हात तसाच त्यावर ठेवून बसले. करडा आमच्यामुळे गेला, आणि याला काही उपाय नाही. तीन आठवड्यांपूर्वी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. हिशेबाने ते बरोबर आहे. पण मनाला पटत नाही. त्यानंतरच्या फोनांवर भावोजींनी विनोद केला नाही.

शेवटचा नंबर एका म्हातारबाईंचा होता. त्यांच्याकडे एकच तट्टू होतं, जुनं, पांढरं पडलेलं. भावोजींनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. म्हातारबाईंना काही ते पटेना.

"यंत्र म्हणालं उजवा, आता तुम्ही म्हणता उजवा नाही. मी कोणाचं ऐकू?" फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. "असं करा, तुम्ही स्वतः या आणि माझ्यासमोर पळवून दाखवा. तुम्ही पळवता तेव्हा तो किती छान पळतो. मी बघितलंय ना."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. एकतीस फोनांत त्यांनी स्वतःला लंगडा म्हटलं होतं, गाढव म्हटलं होतं, पण हे वाक्य काही बोलावं लागलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "मी आता पळत नाही."

"अरेरे," पलीकडून आवाज आला. आणि मग अगदी काळजीने, "कुठला पाय?"

"उजवा."

"पुढचा?"

भावोजींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "माझे दोनच आहेत हो," ते म्हणाले. मग त्यांनी पाय समोरच्या स्टुलावर ठेवला आणि त्या अनोळखी बाईंना सांगायला लागले, कुठे दुखतं, सकाळी किती, जिना उतरताना किती, थंडीत किती. बाई मधेमधे विचारत होत्या, भावोजी सांगत होते. मी उठून बाहेर गेले, कारण मला रडू येत होतं, आणि दार हळूच लावून घेतलं.